कुंदाचं खातं, वनमालाचा रिफंड

जानेवारी सरत आला होता, पण थंडीचा पाय अजून निघत नव्हता. विक्रोळीत थंडी म्हणजे काय, तर पहाटे नळाचं पाणी हाताला चावतं आणि खाडीकडून आलेलं धुकं कन्नमवार नगरच्या इमारतींच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत चढून तिथंच बसकण मारतं. त्यात वर्षभर चहूकडे जुन्या इमारती पाडायचं काम चाललेलं. धुकं किती आणि सिमेंटची धूळ किती, हे ज्यानं त्यानं आपल्या खोकल्यावरून ठरवायचं.

अशा सकाळी वनमाला परबच्या तळमजल्यावरच्या खोलीत तीन तवे तापलेले असायचे. एका तव्याशी ती स्वतः, दुसऱ्याशी शेजारची शुभा, आणि तिसऱ्याशी जी बाई त्या दिवशी येईल ती. नऊच्या आत पोळ्या डब्यांत भरून मरोळच्या टेम्पोत चढवायच्या. तिथल्या एका कंपनीच्या कॅन्टीनला गेली काही वर्षं वनमालाच्याच पोळ्या जात होत्या. बाई अंगानं काटकुळी, पण हात असा की पोळी तव्यावर पडल्याचा आवाज ऐकून ती पलीकडून सांगायची, "शुभा, जाड झाली गं ती, काढ बाजूला, आपल्याला होईल खायला." शुभाला वर्षं झाली तरी हा आवाजाचा हिशेब कळला नव्हता. ती म्हणायची, "तुमचे कान आहेत की वजनकाटा."

फोन पिठाच्या डब्यावर ठेवलेला होता. तो गुरगुरला. वनमालानं कोपरानंच तो सरळ केला आणि डोळे बारीक केले. इंग्रजी. त्यात 'इन्कम टॅक्स' एवढं कळलं आणि तिनं लाटणं खाली ठेवलं.

सून ऑफिसला निघाली होती. अक्षता मुलुंडला एका विमा कंपनीत कामाला; रोज जाताना खोलीच्या दारात थांबून एक गरम पोळी गुंडाळी करून उभ्या उभ्या खायची, तसं तिचं आजही चाललं होतं.

"बघ गं, आले वाटतं पैसे," वनमाला म्हणाली.

अक्षतानं एका हातात पोळी, एका हातात फोन धरून वाचलं. घास गालात तसाच राहिला.

"पाठवले होते आई त्यांनी. पण परत गेले."

"कोण परत गेले?"

"पैसे."

"दारातून?"

"बँकेच्या दारातून. खात्यावरचं नाव पॅन कार्डावरच्या नावाशी जुळत नाही म्हणतायत."

वनमालानं पुन्हा लाटणं उचललं. "संध्याकाळी बोलू," म्हणाली. त्यानंतरच्या दोन-चार पोळ्या जाड झाल्या. शुभाला त्या आवाजावरून नाही, पण दिसल्या. तिनं त्या बाजूला काढल्या.

या पैशांची गोष्ट अशी होती. मरोळच्या कंपनीत आधीच्या वर्षी अकाउंटला कोणी नवा माणूस आला होता. त्यानं पोळ्यांचं बिल डॉक्टर-वकिलांच्या फीच्या रांगेत बसवलं आणि वर्षभर दर बिलातून दहा टक्के कर कापून सरकारात भरला. कापायला हवा होता एक टक्का. वनमालाला आधी वाटलं कॅन्टीनवाला खातोय. ती तिथं जाऊन भांडलीसुद्धा. मग कळलं की पैसे कोणी खाल्ले नाहीत, ते दिल्लीकडे गेलेत आणि रिटर्न भरलं तर परत मिळतील. सत्तरेक हजारांचा मामला. तेव्हापासून घरात रिफंड हा शब्द पाहुण्यासारखा वावरायला लागला. गणपतीला येईल, दिवाळीला येईल, नाताळात तरी येईलच.

रिटर्न अक्षतानंच भरलं होतं. जुलैच्या शेवटच्या दिवशी. साइट गोगलगायीसारखी चाललेली, सासूच्या फोनवर येणारे ओटीपी ती पिठाच्या हातांनी वाचेपर्यंत शिळे व्हायचे. "चार, सात, सात... थांब, चष्मा कुठाय." बँक खात्याचा नंबर टाकल्यावर त्याच्यापुढे लाल खूण आली होती, ती अक्षताला दिसली होती. पण रिटर्न तर पुढे सरकत होतं. खूण नंतर बघू, आधी तारीख गाठू, असं म्हणून तिनं शेवटचं बटण दाबलं. त्या 'नंतर'ची सहा-सात महिन्यांनी अशी गाठ पडली.

आणि पैशांची निकड आता खरी होती. राहतं घर शेजारच्या इमारतीत होतं, पण खोलीची इमारत पुनर्विकासात चाललेली. पाडव्यापर्यंत खोली रिकामी करायची होती. पलीकडच्या रस्त्यावर चंद्रप्रकाश नावाच्या माणसाचा गाळा मिळत होता, पण तो डिपॉझिटला अडून बसलेला. निम्मं वनमालानं भिशी उचलून दिलं होतं. उरलेलं या रिफंडातून. नाही दिलं तर गाळा गेला, गाळा गेला तर तवे ठेवायचे कुठं आणि मरोळला पोळ्या पाठवायच्या कुठून. तिच्या हाताखालच्या दोन बायांच्या घरची चूलही याच तव्यांवर होती.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर अक्षतानं लॅपटॉप उघडला. वनमालाचा नवरा धोंडू सोफ्यावर मांडी घालून बसलेला. विक्रोळीच्याच एका कारखान्यात त्याची फिटरची नोकरी करून झाली होती, आता तो घरी असायचा आणि टेम्पोत डबे चढवायचा. मुलगा नितेश एसी दुरुस्तीच्या कामावरून अजून यायचा होता.

"आई, एक विचारू? पासबुकावर हे कुंदा सीताराम गावडे कोण?"

धोंडू हसला. "ता माका इचार."

"मीच ती," वनमाला म्हणाली. "लग्नाआधीची."

अक्षताला हे ठाऊकच नव्हतं. तिच्या स्वतःच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून, नितेशच्या हातात अंगठी देऊन भटजी नाव लिहायला थांबले होते, तेव्हा तिनं "आहे तेच लिही" म्हणून सांगितलं होतं आणि नितेशनं मुकाट्यानं 'अक्षता' लिहिलं होतं. आडनावही तिनं माहेरचंच ठेवलं. तेव्हा दोन-चार बायकांनी नाकं मुरडली. सासू मात्र एक अक्षर बोलली नव्हती. का बोलली नव्हती, ते आता कुठं तिला कळत होतं.

वनमाला भांडुपची. बाप सीताराम गावडे गिरणी कामगार. संपात गिरणी बसली ती बसलीच, आणि कुंदा जाणती झाली तशी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत विजेच्या होल्डरांचं पॅकिंग करायला जाऊ लागली. पहिला पगार तिनं आईच्या हातात दिला. बापानं तो परत घेऊन तिच्या हातात ठेवला आणि तिला भांडुपच्या सहकारी बँकेत नेलं. म्हणाला, "घरात दे, पण बँकेतून काढून दे. काढताना तुझी सही लागू दे." खातेदाराला ओळखणारा म्हणून फॉर्मावर त्यानंच सही केली. पुढं लग्न ठरलं. परबांच्या घरात थोरली जाऊही कुंदाच. एका घरात दोन कुंदा नको म्हणून सासूनं आधीच सांगून ठेवलेलं की पोरीचं नाव बदलायचं. तेव्हा बाप एवढंच बोलला, "नाव बदलतत तर बदलूंदेत. खात्याक हात लावू नको. नाव बदललंस की ता खाता त्यांचा."

झालं. लेकीनं ते शब्द देवाच्या अंगाऱ्यासारखे जपले. पॅन कार्ड, आधार, रेशन कार्ड, पोळ्यांच्या धंद्याचं लायसन, सगळं वनमाला धोंडू परब. खातं मात्र कुंदाचं. आईबाप गेले, भाऊ राजेश भांडुपची खोली विकून बदलापूरला गेला, तरी ही दर महिन्याला भांडुपला जायची, स्लिप भरायची, कुंदा म्हणून सही करायची आणि येताना तिथल्या बाजारातून सुके बोंबील आणायची. बँकेतली माणसं म्हणायची, "ताई, नाव बदलून घ्या." ही म्हणायची, "घेते हां." कंपनीचे पैसेही नंबरवर यायचे, नंबराला नाव कोण विचारतं.

"प्राप्तिकरवाले विचारतात," अक्षता म्हणाली.

"मगे माझ्या खात्यात घाल," धोंडू बोलला. "नवरा-बायको काय येगळी असत?"

"चालत नाही बाबा. रिटर्न ज्याचं, खातं त्याचंच लागतं."

"ह्या बरा आसा. कापताना इचारूक नाय, देताना बारा चौकशे."

अक्षतानं लॅपटॉप अर्धा मिटला. "आई, दोन रस्ते आहेत. बँकेत नाव बदलून वनमाला करायचं. नाहीतर उलटं. पॅनवर, आधारवर, सगळीकडे कुंदा करून घ्यायचं. गॅझेट करावं लागेल, वेळ जाईल, पण होतं. तुमचं नाव आहे, तुम्ही ठरवा."

असा प्रश्न वनमालाला आजवर कोणी विचारलाच नव्हता. पहिल्या वेळी बापानं ठेवलं, दुसऱ्या वेळी सासूनं ठरवलं. आता पंचावन्नाच्या आसपास येऊन एक पोरगी मांडीवर लॅपटॉप घेऊन म्हणत होती, तुम्ही ठरवा.

"पुढच्या सोमवारपर्यंत सांगते," ती म्हणाली, जणू साडीच्या रंगाचा प्रश्न होता.

ते चार-पाच दिवस तिचं कामात लक्ष नव्हतं. शुभानं एकदा विचारलं, "वनमालाताई, मीठ घातलं का कणकेत?" तर हिनं परातच बाजूला सारली. मग म्हणाली, "शुभा, मला कोणी कुंदाताई म्हटलं तर कसं वाटेल गं?"

"कोण म्हणतंय?"

"समज, तूच म्हटलंस."

शुभानं तव्यावरची पोळी उलटली. "मला वाटेल तुमची बहीण आलीय कामाला. आणि तिला पोळ्या जमत असतील का, हे आधी बघावं लागेल."

वनमाला खूप दिवसांनी हसली. रविवारी कपडे वाळत घालता घालता तिनं अक्षताला सांगून टाकलं.

"वनमालाच कर."

"नक्की?"

"कर कोणाच्या कष्टाचा कापला? वनमालाच्या. कुंदानं होल्डर पॅक केले, पोळ्या नाही लाटल्या. मग येऊ देत पैसे ज्याचे त्याला."

"आणि आजोबांनी सांगितलेलं?"

वनमालानं चादर झटकली. "बापू सांगून गेले ते माझ्या सासूला भिऊन. आता घरातली सासू मीच. मला कोणाची भीती, तुझी?"

"थोडी हवी," अक्षता म्हणाली.

बोलायला सोपं. भांडुपच्या बँकेत शर्मिष्ठा मॅडम म्हणून नवी अधिकारी आली होती, मुलुंडहून यायची. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लग्नाचं सर्टिफिकेट द्या, लगेच करते."

सर्टिफिकेट कुठून आणणार. लग्न कोकणात, निवतीला झालेलं, समुद्रावरचा वारा मांडवात शिरत असताना. साक्षीला सगळं गाव होतं, पण कागद कोणी केला नव्हता. भटजी कधीच वर गेले. धोंडू काउंटरच्या काचेला तोंड लावून म्हणाला, "मॅडम, ह्या काय बघा, झील आसा, सून आसा. लगीन झाल्याशिवाय ह्या झाला काय?"

मॅडमला हसू आलं, पण नियम हलला नाही. नवरा-बायको दोघांनी मिळून नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र करायचं, की कुंदा सीताराम गावडे आणि वनमाला धोंडू परब ही एकच बाई. सोबत लग्नपत्रिका जोडायची. "तेवढं आणलंत तर मी वर बोलून मंजूर करून घेते. आणि काकी, उशीर करू नका. जुन्या खात्यांची तपासणी चाललीय. नाव असंच राहिलं तर खातं गोठेल, मग कंपनीचे पैसेही अडकतील."

म्हणजे आता नुसता रिफंड नव्हे, रोजचा गाडाच खात्याला बांधलेला. पत्रिका धोंडूच्या ट्रंकेत सापडली, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला. 'चि. सौ. कां. कुंदा' शाबूत होती. वाळवीनं खाल्ले ते व्याही.

मुलुंडला कोर्टाच्या बाजूला वकील देवव्रत कर्णिक यांची खोली. खोली कसली, एक टेबल, एक टायपिस्ट आणि बाहेर एक बाकडं. बाकड्यावर माणसं आपापल्या भानगडी मांडीवर घेऊन बसलेली. टायपिस्टनं मजकूर घेतला आणि बसायला सांगितलं. वनमालानं येताना पोळी-भाजी बांधून आणलेली. धोंडूनं तिथंच उघडली.

वनमालानं विचारलं, "ऐकलंत? नाव सासूबाईंनी बदलायला लावलं, ते ठीक. पण वनमालाच का ठेवलंत? सांगितलं नाहीत कधी."

"तू इचारलंस नाय कधी."

"आता विचारते."

धोंडूनं घास गिळला. "भटान ताट फुडे केल्यान. म्हणता, लिही. माझ्या हाताक घाम. आवशीन एक नाव सांगून ठेवलेला, ता मी इसारलंय. सगळी माझ्या तोंडाकडे बघतत. मगे तोंडात आयला ता लिवलंय."

"तोंडात कुठून आलं?"

"होडयेचा नाव होता."

"कसलं?"

"तांडेलाची होडी, तोच ती हाकी. आमच्या वाडयेतली. वनमाला. हिरव्या रंगार पांढऱ्यान लिवलेला." तो तिच्याकडे न बघता पोळी मोडत होता. "बाकीच्यो होडये वाऱ्यात खय खय जायत. ही आपली सांजेक येय. आमी पोरां वाट बघूक जाव, तर हीच पयली दिसा."

वनमालानं पदर तोंडाला लावला. शेजारी बसलेल्या माणसाला वाटलं बाई रडते. ती हसत होती. "म्हणजे एवढी वर्षं मी होडी होते आणि मला माहीत नाही."

"वायट काय त्यात? होडी घर चालवता."

"आणि घरात बसणारा कोण?"

"तांडेल," धोंडू म्हणाला आणि भाजीचा रस्सा पोळीनं पुसून घेतला.

आत बोलावलं. कर्णिक वकील जुन्या वळणाचे, सही करण्याआधी माणसाला दोन प्रश्न विचारणारे. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "बाई, आपलं नाव?"

वनमाला अडली. "कोणतं सांगू?"

"तेच तर ठरवायला आलोय आपण," वकील म्हणाले. मग धोंडूकडे वळले. "परब, या कागदावर तुम्ही शपथेवर सांगताय. कुंदा सीताराम गावडे या बाईंना तुम्ही ओळखता?"

"वळखतंय."

"कशावरून?"

धोंडू उभाच होता. कारखान्यात साहेबापुढं उभा राहायचा तसा. "लगीन तिच्यावांगडाच ठरला होता. मांडवात बसली ती कुंदा, उठली ती वनमाला. मी थयच होतंय."

टायपिस्टची बोटं थांबली. वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे असं लिहिता येत नाही परब," ते म्हणाले, "पण कागदावर जे लिहिलंय त्याचा अर्थ हाच आहे. करा सही."

वनमालानं दोन्ही सह्या केल्या, एकीखाली एक. कुंदाची सही गोल, शाळेतल्यासारखी; वनमालाची घाईची, शेपूट ओढलेली. बाहेर येऊन जिना उतरताना तिनं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. तोल सांभाळायला असेल.

बँकेत दुसऱ्या खेपेला फारसं काही घडलं नाही. घडायला वनमालाची तयारी होती, ती कडक इस्त्रीची साडी नेसून गेली होती. शर्मिष्ठा मॅडमनी कागद पाहिले, आत जाऊन आल्या, संगणकावर काहीतरी टाकलं. छपाईचं यंत्र किरकिरलं. नवं पासबुक. वनमाला धोंडू परब. जुन्या पासबुकाचा कोपरा मॅडमनी कात्रीनं कापला आणि ते परत दिलं. "झालं काकी."

"एवढंच?"

"एवढंच."

वनमाला काउंटरवरून हलली नाही. मागचा माणूस खाकरला. "मॅडम, त्या पहिल्या फॉर्मावर ओळखणारा म्हणून माझ्या बापाची सही होती. ती राहील का?"

मॅडमनी पुन्हा पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. खोटं सांगून चाललं असतं, सांगितलं नाही. "जुने फॉर्म गोडाऊनला असतात. किती वर्षं ठेवतात मला खरंच माहीत नाही. पण खात्याचा नंबर तोच आहे काकी. तो नाही बदलत."

त्या दिवशी बाजारातून तिनं बोंबील घेतले नाहीत. रिक्षात धोंडू काहीबाही बोलत होता, ती बाहेर बघत होती. भांडुपची कुंदा आता तिच्या कुठल्याच चालू कागदावर नव्हती. विक्रोळी यायच्या आधी तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "धूळ किती आहे या रस्त्याला." धोंडू म्हणाला, "आसाच." आणि त्यानं रिक्षाचा पडदा ओढून घेतला.

मग वाट बघणं. अक्षता रोज रात्री जेवणाआधी लॅपटॉप उघडायची आणि मान हलवायची. आठवड्यानंतर एकदाची लाल खूण गेली, हिरवी आली. नाव जुळलं. तिनं रिफंड पुन्हा पाठवा अशी विनंती टाकली, सासूच्या फोनवर ओटीपी आला, आणि या वेळी वनमालानं चष्मा आधीच डोळ्यांवर चढवून ठेवलेला.

मधेच एक मेसेज आला. रिफंड मंजूर, खालच्या लिंकवर दाबा, आजच. धोंडूचं बोट जवळजवळ गेलंच होतं. वनमालानं फोन ओढून घेतला. "कोणाच्या नावानं आलाय?"

नितेशनं वाचलं. "प्रिय ग्राहक."

"मग तो आपला नाही. सरकारनं माझ्या नावासाठी मला भांडुप-मुलुंड फिरवलं. आता ते मला प्रिय ग्राहक म्हणतील होय? काढून टाक."

चंद्रप्रकाश दोनदा येऊन गेला. "भाभी, दुसरी पार्टी तयार आहे, मोबाइलवाला. मी किती थांबू?" वनमालानं त्याला खुर्चीत बसवून घावणे खायला घातले आणि संगणकावरची हिरवी खूण दाखवली. तो घावणे खात म्हणाला, "हिरवी खूण डिपॉझिटमध्ये नाही घेता येत." पण होळीपर्यंत थांबला. थांबला तो घावण्यांसाठी की मोबाइलवाल्याची पार्टी मुळात नव्हतीच म्हणून, हे कोणाला कळलं नाही.

पैसे आले ते होळीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, वनमाला जिन्यात शेजारणीशी पाण्याच्या वेळेवरून वाद घालत असताना. तिनं मेसेज वाचला. आकडा वाचता आला. शेजारणीला म्हणाली, "तुझंच खरं, घे तू आधी पाणी," आणि वर गेली. शेजारीण नळ सोडून तिच्याकडे बघत राहिली.

धोंडू झोपला होता. तिनं त्याला उठवलं नाही. खुर्चीत बसून राहिली. आनंद झाला का, तर झाला. पण थोडं असंही वाटलं की कोणी ओळखीचं दारापर्यंत येऊन, पैसे उंबऱ्यावर ठेवून, आत न येताच गेलं. अक्षताला तिनं फोन लावला. "आले गं."

"आले? सगळे?"

"सगळे. वर थोडं व्याज पण दिसतंय."

"आई, आता हे व्याज पण रिटर्नमध्ये दाखवायचं हां पुढच्या वर्षी."

"आता तू ठेव फोन," वनमाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाशला चेक दिला. चेकवर सही करताना तिचा हात किंचित थांबला आणि मग वनमाला म्हणूनच सही झाली, शेपूट ओढून. चावी मिळाली. गाळ्यात आधी कोणी बॅटऱ्यांचं दुकान चालवलं होतं. भिंतींना काळे ओघळ, जमिनीवर तेलकट पापुद्रा, आणि मोरीचं भोक कसल्याशा चोथ्यानं गच्च बसलेलं. धोंडूनं नाकाला रुमाल लावला. शुभा दारातच थांबली.

"इथं पोळ्या करायच्या?" शुभा म्हणाली.

"आधी धुवायचं," वनमाला म्हणाली. तिनं पदर कमरेला खोचला, बादलीत सोडा टाकला आणि मोरीपाशी उकिडवी बसली. "तार आण गं एखादी जाड. आणि तुम्ही तिथं उभे राहून काय करताय, पाणी आणा."

धोंडू बादली घेऊन गेला. तिनं तार भोकात घातली आणि चोथा उपसायला लागली.